देवाचे मासे आणि नदीतील सूक्ष्म प्लास्टिक

श्रीविष्णूच्या दशावतारांत पहिला अवतार मत्स्याचा मानला जातो. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात त्याची कथा येते. द्रविड देशीचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीच्या पात्रात उभा राहून तर्पण करीत असता त्याच्या ओंजळीत एक इवलीशी मासोळी आली. राजा तिला पुन्हा प्रवाहात सोडू लागला तेव्हा, मोठ्या जलचरांच्या भयापासून आपले रक्षण करावे, अशी विनवणी तिने केली. राजाने तिला कमंडलूत घेतले, पुढे घागरीत, मग सरोवरात ठेवले, आणि अखेरीस तो मत्स्य म्हणजे साक्षात भगवंत आहे हे त्यास उमगले. कृतमाला म्हणजे मदुराईजवळून वाहणारी आजची वैगई होय, असे मानले जाते. प्रलयाचा भाग सर्वांच्या स्मरणात राहतो. परंतु कथेचा आरंभ स्नान-तर्पणासाठी नदीत उतरलेल्या एका माणसाच्या ओंजळीतून होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

या श्रद्धेतूनच देशातील अनेक तीर्थक्षेत्री मंदिरालगतच्या डोहातील मासे देवाचे मानण्याची प्रथा पडली. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा खोल डोह आहे. तेथील वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे या डोहात कोणी जाळे टाकीत नाही वा गळ लावीत नाही. पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यात तिळसे येथे तिळसेश्वर महादेवाच्या पायाशी वैतरणेतील मासे असेच अभय भोगतात. कर्नाटकात शृंगेरी येथे तुंगा नदीच्या घाटावर आणि रामनाथपूर येथे कावेरीच्या पात्रात हीच प्रथा आहे. अशा डोहांत प्रामुख्याने महाशीर जातीचे मासे आढळतात. मोठ्या सोनेरी खवल्यांचा, दोन्ही बाजूंस मिशा असलेला हा मासा वाहत्या, स्वच्छ, प्राणवायूने समृद्ध पाण्यात राहतो. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स याने १८३९ साली केले. त्याचा नमुना पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पात्रातला होता. पुढे धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि सांडपाणी यांमुळे हा मासा अनेक नद्यांतून ओसरत गेला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा पॉवर कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले जलाशयांत सोडण्याचे काम चालविले आहे. परंतु जेथे असे कोणतेही केंद्र नव्हते तेथे हा मासा मुख्यतः देवाच्या नावाने टिकला, ही गोष्ट मत्स्यशास्त्रज्ञही मान्य करतात.

उन्हाळ्यात नदी आटते, धार बारीक होते, आणि मासे डोहांत गोळा होतात. पावसाळ्याच्या आरंभी नदी चढली की ते अंडी घालण्यासाठी वरच्या अंगास जातात. म्हणजे डोह हा माशांचा उन्हाळी आसरा होय. जाळे आणि गळ यांपासून हा आसरा पूर्वजांनी सुरक्षित केला. आता मात्र त्यात अशी एक वस्तू येऊ लागली आहे की जिला कोणतीही मनाई अडवू शकत नाही, कारण ती डोळ्यांस दिसत नाही.

सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे काय

प्लास्टिकची पिशवी, दोरी वा बाटली कुजत नाही, ती झिजते. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते, दगड-वाळूवर घासून त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना, कणांना आणि तंतूंना सूक्ष्म प्लास्टिक असे म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ही संज्ञा जगभर रूढ झाली. तो अभ्यास समुद्रकिनाऱ्याचा होता. नद्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष बऱ्याच उशिरा वळले, हे थोडे नवलाचेच आहे. कारण समुद्रातील प्लास्टिकचा मोठा भाग जमिनीवरून नद्यांच्याच वाटेने तेथे पोहोचतो.

या कणांचे उगम अनेक आहेत. फेकलेल्या पिशव्या व वेष्टने हा एक उगम सर्वांना ठाऊक आहे. थर्मोकोलचे मखर पाण्यात सोडले की त्याचे पांढरे मणी सुटे होतात; थर्मोकोल हेही प्लास्टिकच होय. वाहनांचे टायर रस्त्यावर घासून झिजतात आणि त्यांची काळी भुकटी पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरते. याउलट मूर्तींसाठी वापरले जाणारे प्लास्टर ऑफ पॅरिस हे प्लास्टिक नव्हे. ते जिप्समपासून बनते व त्याचे दुष्परिणाम निराळे आहेत. नावातील साम्यामुळे या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. मात्र त्या मूर्तींवरील चकचकीत रंगांत कृत्रिम राळ असते, आणि तिची पापुद्रे सुटली की ती सूक्ष्म प्लास्टिकच ठरतात.

सर्वांत दुर्लक्षित उगम कपड्यांचा आहे. पॉलिएस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिक हे प्लास्टिकचेच धागे होत. प्लिमथ विद्यापीठातच २०१६ साली झालेल्या एका प्रयोगात, यंत्रात सहा किलो ॲक्रिलिक कपडे एकदा धुतले असता सुमारे सात लाख तंतू सुटू शकतात, असे अनुमान निघाले. घाटाच्या दगडावर आपटून धुतल्याने किती सुटत असतील, याची कल्पना ज्याची त्याने करावी. देवीची ओटी भरताना अर्पण होणाऱ्या स्वस्त साड्या व खण, उपरणी, ध्वज, तोरणे, जरीचा भास देणारी चकचकीत किनार, यांपैकी फार मोठा भाग आज सुती वा रेशमी राहिलेला नाही. हे वस्त्र पाण्यात सोडले, की ते तेथेच राहून वर्षानुवर्षे तंतू सोडीत राहते.

गंगेची तपासणी

या विषयात भारतातील सर्वांत परिचित अभ्यास गंगेचा आहे. २०१९ साली मे-जून महिन्यांत पावसाळ्यापूर्वी, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पावसाळ्यानंतर, भारत व बांगलादेश मिळून दहा ठिकाणी पृष्ठभागाचे पाणी घेण्यात आले. प्रत्येक वेळी तीस लिटर पाणी बारीक जाळीतून गाळून असे एकूण १२० नमुने जमविण्यात आले. पावसाळ्यापूर्वीच्या ६० नमुन्यांपैकी ४३ नमुन्यांत, तर नंतरच्या ६० पैकी ३७ नमुन्यांत सूक्ष्म कण सापडले. एकूण कण १४० होते आणि त्यांपैकी ९१ टक्के तंतू होते. तुकडे फार थोडे. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या एकत्रित प्रवाहातून दररोज एक ते तीन अब्ज कण बंगालच्या उपसागरात जात असावेत, असे अनुमान त्यात मांडले आहे.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, अब्ज हा शब्द ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. १२० नमुन्यांचे पाणी ३,६०० लिटर होते, म्हणजे सरासरीने साधारण पंचवीस लिटर पाण्यामागे एक कण सापडला. तीर्थाच्या एका आचमनात प्लास्टिक भरलेले असते, असे यावरून कोणी सांगू लागल्यास ते खरे मानू नये. मात्र जाळीच्या छिद्रांपेक्षा बारीक कण या मोजणीत आलेले नाहीत, हेही तितकेच खरे. दुसरी गोष्ट तंतूंची. सर्वाधिक तंतू रेयॉनचे होते, त्याखालोखाल ॲक्रिलिकचे. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो प्लास्टिक नव्हे. परंतु तो कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याची गणना याच वर्गात करतात. काही असले तरी, नदीत मिळालेल्या बहुतेक कणांचे मूळ पिशवी वा बाटलीत नसून वस्त्रांत होते. घाटावर प्लास्टिकबंदीच्या पाट्या लावून हा भाग अडत नाही.

याच काळात टॉक्सिक्स लिंक या संस्थेने हरिद्वार, कानपूर व वाराणसी येथील गंगाजलाचे नमुने घेऊन गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासून घेतले. तिन्ही ठिकाणी सूक्ष्म प्लास्टिक आढळले. वाराणसीस ते सर्वाधिक होते. वरच्या अंगाच्या शहरांचे सांडपाणी खालच्या तीर्थावर जमा होत जाते, हे यातून दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील नगरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेले जवळपास तीन चतुर्थांश जसेच्या तसे वाहून जात होते. प्रक्रिया केंद्र नीट चालले तर सांडपाण्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक सूक्ष्म कण गाळात अडकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात नमूद आहे. त्याच गाळाचे पुढे शेतात खत झाले तर कण जमिनीत जातात, हा प्रश्न वेगळा. मंडळाच्याच २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते, व ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. परंतु ही यादी पाण्यातील सेंद्रिय घाण मोजून केली जाते. सूक्ष्म प्लास्टिक तीत मोजले जात नाही. म्हणून यादीत नाव नसलेली नदी या बाबतीतही निर्मळ असेलच, असे म्हणता येत नाही.

डोहात कण का साठतात

पॉलिएथिलीनची पिशवी आणि पॉलिप्रॉपिलीनची दोरी पाण्याहून हलकी असते, म्हणून त्यांचे तुकडे तरंगतात. पॉलिएस्टर व नायलॉन पाण्याहून जड असल्याने बुडतात. तरंगणाऱ्या तुकड्यांवरही काही दिवसांत शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि तेही जड होऊन खाली जाऊ लागतात. वाहत्या धारेत हे सर्व पुढे ढकलले जाते. पण पाणी डोहात शिरले की त्याचा वेग मंदावतो, आणि गाळाबरोबर हे कणही तळाशी बसतात. संथपणामुळे जो डोह माशांना उन्हाळ्यात जगवितो, त्याच संथपणामुळे तो कणांचाही साठा करतो.

पावसाळा हा साठा बऱ्याच अंशी धुऊन काढतो. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या परिसरातील दहा नद्यांचा ४० ठिकाणी अभ्यास करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे दाखविले गेले. टेम नदीच्या तळाशी एका ठिकाणी दर चौरस मीटरमागे पाच लाखांहून अधिक कण मिळाले. पुढे पूर आला आणि त्यानंतरच्या मोजणीत नद्यांच्या तळातील सुमारे ७० टक्के कण वाहून गेलेले आढळले. सह्याद्रीवरून कोसळणाऱ्या नद्यांचा लोंढा मँचेस्टरच्या पुराहून लहान खचितच नाही. तेव्हा कोकणातील डोहांच्या बाबतीत वर्षाऋतू हा मोठा उपकारकर्ता समजावा. मात्र धुऊन गेलेले नाहीसे होत नाही. खाडीत, समुद्रात किंवा मध्ये धरण असल्यास धरणाच्या गाळात ते जाऊन बसते. शिवाय कार्तिकानंतर पाणी उतरले, की पुढील जत्रांच्या हंगामात साठा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

माशाच्या पोटात काय होते

मासा दात लावून चाखून खाणारा प्राणी नव्हे. गोड्या पाण्यातील परिचित माशांपैकी कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव कल्ल्यांच्या गाळणीने गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाचा चिखल चाळतो. महाशीर शेवाळ, फळे, किडे, शिंपले, जे मिळेल ते खातो. म्हणजे तरंगणारा, अधांतरी असणारा वा बुडालेला, कोणत्याही थरातील कण कोणत्या ना कोणत्या माशाच्या मुखी जातो. तांबडा वेटोळा तंतू तळातील अळीसारखा दिसतो, हेही एक कारण आहे. फ्रान्समधील नद्यांतून पकडलेल्या गजन नावाच्या लहान माशांपैकी १२ टक्के माशांच्या पोटात असे कण मिळाले. २०१४ सालचा हा अभ्यास नदीतील माशांविषयीच्या सुरुवातीच्या अभ्यासांत मोडतो.

बहुतेक कण अन्नमार्गातून पुढे जाऊन विष्ठेवाटे बाहेर पडतात. प्रश्न राहतो तो अडकलेल्या तंतूंचा, पोट भरल्याच्या खोट्या जाणिवेचा आणि प्लास्टिकसोबत येणाऱ्या रसायनांचा. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या प्रयोगात जपानी मेडाका या लहान माशांना दोन महिने पॉलिएथिलीन मिसळलेला आहार देण्यात आला. ज्या प्लास्टिकने आधी उपसागराच्या पाण्यात राहून तेथील विषारी द्रव्ये शोषून घेतली होती, ते खाणाऱ्या माशांच्या यकृतावर अधिक दुष्परिणाम दिसले. त्याहून स्पष्ट उदाहरण सिॲटल शहराच्या परिसरातील आहे. तेथील ओढ्यांत अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतणारे कोहो जातीचे सामन मासे मोठ्या पावसानंतर काही तासांतच मरून पडत, आणि कारण वर्षानुवर्षे सापडत नव्हते. २०२० साली ते उलगडले. टायरचे रबर टिकावे म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनापासून हवेतील ओझोनच्या संयोगाने निराळेच विष तयार होते, आणि टायरच्या झिजलेल्या भुकटीतून ते पावसाच्या पाण्यात उतरते. अंडी घालण्यापूर्वीच मादी मरत असल्याने पुढची पिढीच खुंटत होती. एकाच ओढ्यातील दुसऱ्या जातीच्या सामन माशांना मात्र त्याची बाधा जवळपास होत नव्हती. यावरून एका माशावरील निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही, हे कळते. तरीही नदीकाठापर्यंत आणून उभ्या केलेल्या व पात्रातच धुतल्या जाणाऱ्या गाड्यांकडे या माहितीनंतर निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

या क्षेत्रात घाईचे निष्कर्षही निघाले आहेत. माशांची पिल्ले नैसर्गिक अन्न सोडून सूक्ष्म प्लास्टिकच पसंत करतात, असा दावा करणारा स्वीडनमधील एक निबंध २०१६ साली गाजला. त्यातील नोंदी विश्वासार्ह नसल्याचे आढळल्यावर २०१७ मध्ये तो मागे घेण्यात आला. तो दावा आजही अनेक लेखांत वाचावयास मिळतो. मनुष्याच्या बाबतीत, २०२२ साली नेदरलँड्समध्ये तपासलेल्या २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश सापडले; परंतु त्यापासून अमुक रोग होतो असे त्या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. मोठा मासा पोट साफ करून खाल्ला जात असल्याने त्यातील बहुतेक कण टाकून दिले जातात. अख्खे खाल्ले जाणारे बारीक मासे हा त्यास अपवाद होय. देवाचे मासे तर कोणी खात नाही. तेथे प्रश्न खाणाऱ्याच्या प्रकृतीचा नसून, ज्याला अभय दिले त्या जीवाचा आहे.

तीर्थक्षेत्री काय करता येते

कायद्याची बाजू बऱ्याच अंशी उभी आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्या व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर बंदी लागू झाली, आणि डिसेंबर २०२२ अखेरपासून पिशवी किमान १२० मायक्रॉन जाडीची असावी असा नियम झाला. जाड पिशवीही अखेर झिजतेच, फक्त सावकाश. तिरुमला डोंगरावर जून २०२२ पासून प्लास्टिकवर पूर्ण बंदी घालण्यात आली. शबरीमला यात्रेत पंपा नदीत स्नानानंतर अंगावरचे कपडे प्रवाहात सोडून देण्याची रीत पडली होती. केरळ उच्च न्यायालयाने २०१५ साली त्यास मनाई केली. यात्राविधीचा ती भाग नव्हती, केवळ एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले अशी ती वाढत गेली होती. महाराष्ट्रातील काही घाटांवरही नवस फेडल्यावर वा उत्तरकार्यानंतर वस्त्र पाण्यात सोडले जाते. ते वस्त्र काठावर काढून ठेवले तरी विधीस बाध येत नाही.

माशांना खाऊ घालण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे योग्य ठरेल, कारण भाविकांची ती सर्वांत आवडती सेवा आहे. कुरमुरे, लाह्या वा कणकेच्या गोळ्या प्लास्टिकच्या पुड्यांतून विकल्या जातात. पुडा दातांनी फाडला की त्याचा कोपरा काठावर पडतो, रिकामा पुडा वाऱ्याने पाण्यात जातो, आणि कुरमुऱ्यांच्या मागे वर आलेला मासा तरंगणाऱ्या पांढऱ्या तुकड्याकडेही त्याच ओढीने धावतो. खाऊ दुकानाशीच कागदाच्या पुडक्यात, पानाच्या द्रोणात वा घरून आणलेल्या डब्यात घ्यावा. द्रोण घेताना तो खरोखर पानाचा आहे हे पाहावे; चंदेरी वा चकाकत्या अस्तराच्या द्रोणात कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. खाऊ मूठभर पुरे. उन्हाळ्यात डोहाचे पाणी कमी असताना उरलेले अन्न कुजून पाण्यातील प्राणवायू खाते, आणि महाशीरासारख्या माशास तेच आधी बाधते.

निर्माल्य निर्माल्यकलशातच टाकावे, हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे; परंतु ते पिशवीसकट टाकले जाते आणि हारांतील नायलॉनचा दोरा व प्लास्टिकचे मणी तसेच राहतात. त्यामुळे त्याचे खत करता येत नाही. हार सुती दोऱ्यात ओवून मागितला तर हारवाले तो देतात. ओटीसाठी एक सुती खण पुरेसा आहे. पॉलिएस्टरच्या पाच साड्यांपेक्षा तो देवीस कमी वाटेल असे मानण्यास कोणताही शास्त्राधार नाही.

देणगीदारांच्या दृष्टीने पाहता, घाटावर आणखी एक कमान उभारण्यापेक्षा कपडे धुण्याची जागा पात्रापासून मागे हटवून तेथील पाणी वाळू-खडीच्या थरातून गाळून शोषखड्ड्यात सोडण्याची सोय करणे अधिक उपयोगाचे आहे. भक्तनिवासाच्या चादरी व पडदे सुती असावेत, त्यांच्या धुलाईचे पाणी थेट गटारात न जाता अशाच गाळणीतून जावे, आणि वाहनतळावरून नदीकडे उतरणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या वाटेवर गाळ बसण्यासाठी एक हौद असावा. हौदातील व गाळणीवरचा थर वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, खरवडून काढावा लागतो. बांधकामाच्या खर्चाबरोबर या वार्षिक खर्चाचीही तरतूद केली, तरच ती व्यवस्था दुसऱ्या वर्षी चालू राहते.